लंगड्या उंटिणीची साक्ष

बीर खुवैराच्या विहिरीपासून सात मैलांवर तंबू.
आत लांबट टेबल, त्यावर दोन राज्यांची दप्तरं
आणि वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून
विंधनातून निघालेल्या काळपट खडकाच्या नळकांड्या.
त्यांच्याबद्दल दिवसभर कुणी चकार शब्द काढला नाही.

माझं काम एवढंच: वाचायचं,
एका भाषेतून उचलून दुसरीत ठेवायचं,
पानांच्या शिवणीतली वाळू फुंकायची.

उत्तरेचा वकील म्हणाला,
ज्याचा वसूल, त्याची जमीन.
दक्षिणेचा म्हणाला, अगदी बरोबर.
दोघांचं एवढ्यावरच जमलं.

उत्तरेची वही उघडली. उंदरांनी कोपरे खाल्लेले,
शाई मात्र अजून काळीभोर:
*टोळधाडीचं साल. आल मुरैज टोळी.
रुवैशिद बिन दुहैम. उंट सव्वीस.
जकात, उंटीण एक. लंगडी. पावती दिली.*

मग दक्षिणेची.
टोळधाडीचंच साल, महिने चार उलटलेले.
रुवैशिद बिन दुहैम. उंट सव्वीस.
जकात, उंटीण एक.
मी थांबलो.
पुढे वाचा, अध्यक्ष म्हणाले.
*लंगडी.*

अध्यक्ष दूरच्या थंड गावचे, कान उन्हाने सोललेले.
बोटं मोडत ते हिशोब करत राहिले:
सव्वीसांतून एक गेली,
चार महिन्यांनी पुन्हा सव्वीस कसे?
व्याली असेल, उत्तर म्हणालं.
खोटी वही आहे, दक्षिण म्हणालं.
कुणाची, ते दोघांनीही एकमेकांकडे बोट करून सांगितलं.

तेव्हा रुवैशिदची लेक बोलावली, गुबैशा.
वय विचारलं तर म्हणाली,
टोळधाडीच्या साली दुधाचे दात पडत होते, तुम्हीच मोजा.
खुर्ची नको म्हणाली. खाली बसली,
आणि वह्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"लंगडं जनावर जकातीत चालत नाही,
हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं?
बापाने कारकुनाला बुधलाभर तूप दिलं.
दुसऱ्या कारकुनालाही दिलं. त्याचा बुधला लहान होता."

हे लिहू का, मी विचारलं.
लिही, ती म्हणाली, तूप चांगलं होतं.

"नेली तिला. दोर लावून नेली.
तिसऱ्या रात्री मी विहिरीपाशी पाण्याला गेले
तर अंधारात कुणीतरी डोणीत तोंड घालून पितंय.
पुढचा डावा पाय उचलून धरलेला.
गळ्यात तुटका दोर.
दुसऱ्यांनी नेली तेव्हाही तेच.
त्या वेळी मात्र पाच रात्री लागल्या,
त्यांचा गाव लांब."

तंबूत कुणीतरी हसलं. बहुतेक पहारेकरी.
दोन्ही वकील कागद चाळत राहिले,
परत आलेल्या जनावराचा रकाना
कुठल्याच वहीत नव्हता.

अध्यक्षांनी विचारलं: तर मग बाई,
तुमचे लोक नक्की कुणाचे?
मी प्रश्न तिच्या भाषेत नेला, जपून,
भरलेली वाटी न्यावी तसा.
ती म्हणाली, कधीचे?
पाऊस झाला त्या वर्षीचे, की नाही झाला त्या वर्षीचे?

साक्ष नोंदली. शेरा: विषयाला सोडून.

बाहेर जाताना तिने माझी बाही धरली.
"वह्या तू वाचल्यास. खरं सांग,
आमच्याकडे कुणाची बाकी निघते?"
मी मनात जमाखर्च मांडला.
दोघांचीही, म्हणालो. एकेक उंटीण.
"तिच्या नातीची नात आहे माझ्याकडे. न्या म्हणावं.
हिचे चारही पाय धड आहेत."

निकाल पुढच्या हिवाळ्यात लागला,
समुद्राकाठच्या एका शहरात, जिथे वाळू फक्त पोहायला येणाऱ्यांसाठी असते.
विहीर एकाला, डोण दुसऱ्याला.
मधून रेघ, दीड पुरुष रुंद.
खडकाच्या नळकांड्या कोण घेऊन गेलं, दप्तरात नाही.

कुंपण झालं. तार आली, खांबांना आकडे आले.
परवा चौकीवरून कागद आला, अनुवादासाठी:
*अडतीस आणि एकोणचाळीसच्या मधली तार
पुन्हा वाकलेली आढळली.
ठसे उंटाचे. एकाच जनावराचे.
जाण्याचे नाहीत. फक्त येण्याचे.*